पाचव्या दिवसाचा दगड

सुधीर,

तू गेलास तो गेलास, पण शनिवारचं काय करायचं ते कुणालाच सांगून गेला नाहीस. सतरा वर्षं मी तुझ्या मागे लागले होते की लोकांना ज्या तारखा देतोस त्या कुठेतरी लिहून ठेव. तू कपाळावर बोट ठेवायचास आणि म्हणायचास, "इथे आहेत सगळ्या." आता बघ. ते कपाळ घेऊन तू निघून गेलास, आणि गेल्या शनिवारी सकाळी सात वाजता आपल्या ब्लॉकखाली टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन सांगलीचं एक म्हातारं जोडपं तुझी वाट बघत उभं होतं.

तुला जाऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते.

समोरच्या तुमच्या घरातून मीनलचा फोन आला. तुझ्या माघारी तिचा आवाज आधीच खोल गेलाय, त्यात हे. "शुभदा, तू जा गं खाली. मला त्यांच्यासमोर जाऊन सांगणं जमणार नाही." त्यांच्या मुलीने म्हणे महिन्यापूर्वी तुला फोन केला होता आणि तू नेहमीप्रमाणे "हो हो, द्या पाठवून" म्हणाला होतास. ती राहते बुकित तिमाहला, आपल्या ग्रुपवर नाही, तिला कोण कळवणार? तिने आईबाबांना टॅक्सीत बसवलं आणि स्वतः कामाला गेली. मी अजून चहासुद्धा घेतला नव्हता. खरं सांगते, लिफ्टमधून उतरताना मला रडू आलं नाही, तुझा संताप आला.

या गावात आपल्या लोकांकडे येणाऱ्या पाहुण्यांचं वेळापत्रक काय दगडावर कोरलेलं आहे का, हा तुझाच प्रश्न. पहिल्या दिवशी तो माशाच्या शेपटीचा सिंह आणि तीन टॉवरवर ठेवलेली ती होडी. दुसऱ्या दिवशी सेंटोसा. तिसऱ्या दिवशी प्राणी. चौथ्या दिवशी लिटल इंडियात खरेदी आणि डोसा. पाचव्या दिवशी यजमानांची रजा संपते, पाहुण्यांचे पाय सुजतात, आणि मग ती बिचारी म्हातारी माणसं हॉलमधल्या सोफ्याच्या कडेला बसून "भांडी घासून ठेवू का गं?" असं विचारत राहतात. तिथून पुढे तुझं राज्य. पाचव्या दिवशी पाहुणे सुधीरकडे, हे आपल्या सगळ्यांच्यात ठरूनच गेलं होतं. कधी ठरलं ते कुणालाच आठवत नाही. तू मात्र त्या टॉवरकडे पाठ करून शनिवारी निघायचास, आणि ज्या जागा इथल्या टॅक्सीवाल्यांनाही विचारून घ्याव्या लागतात तिथे लोकांच्या आयांना चालवायचास.

आणि काय काय उद्योग केलेस रे! सेंबावांगच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर लोक अंडी उकडून खातात. छान आहे. पण तू डोंबिवलीच्या चार बायकांना नेमकं संकष्टीच्या दिवशी तिथे नेलंस आणि उपास म्हणून अंड्यांऐवजी बटाटे न्यायला सांगितलेस. दोन तास त्या बादलीत बटाटे घालून बसल्या होत्या! बुओना व्हिस्टाच्या लॅबमध्ये एकेक गोष्ट तीन-तीनदा मोजणारा माणूस तू, तुला माहीत नव्हतं की तेवढ्या गरम पाण्यात बटाटा शिजत नाही? संध्याकाळी त्या माझ्या घरी कच्चे बटाटे आणि भुकेले चेहरे घेऊन आल्या. मी भगरीसाठी कपाटं उचकत होते आणि तू दारात उभा राहून सांगत होतास, "बाहेरून मऊ झाले होते थोडे."

क्रांजीकडे बेडकांच्या फार्मवर तू अख्खी शाकाहारी मंडळी नेलीस. त्या रंगीत पुतळ्यांच्या बागेत, जिथे नरकातल्या शिक्षा करून दाखवल्या आहेत, तिथे पुण्याच्या एका आजोबांना नेलंस. ते म्हणाले, "आपलं काय काय यात बसतंय ते बघून ठेवतो." जुन्या चिनी स्मशानात कबरींवर पहारा देणारे दगडी शीख शिपाई दाखवायला नेलंस, तर बायकांना डासांनी फोडून काढलं. कुसू बेटावरून यायची शेवटची बोट दोनदा थोडक्यात हुकता हुकता राहिली. दर वेळी मी तुझ्यावर चिडले, आणि दर वेळी माझ्या घरचे पाहुणे तुझ्याचकडे दिले. दुसरं कोण होतं?

नितीनचे नाशिकचे मामा आले होते ते आठवतं? त्यांना कॅसिनो बघायचाच होता. ते परदेशी, पासपोर्ट दाखवला की फुकट आत. आम्ही इथले पीआर, कायमचे रहिवासी, आम्हाला आत जायचं तर सरकार पैसे भरायला लावतं. त्यामुळे नितीन आणि मी दोन तास बाहेर बाकावर, चपला सांभाळायला बसवल्यासारखे. तुला सांगितलं तर तू हसून हसून खोकायला लागलास. "पाहुण्यांना फुकट आणि घरच्यांना दंड! असं घर दाखवायचं तरी कशाला पाहुण्यांना?" परवा मामांना तू गेल्याचं कळवलं. ते म्हणाले, "कोण? तो बेडकांवाला? अरेरे." आणि वीस मिनिटं बेडकांबद्दल बोलत राहिले. कॅसिनोचं नावही काढलं नाही त्यांनी.

हे सगळं मी सोडून देते. पण दगडाचं सोडत नाही.

पुलाउ उबिन बेटावर, जेट्टीपासून वीस मिनिटं चालत गेलं की ती पाण्याने भरलेली जुनी दगडखाण लागते. तिच्या अलीकडे, झाडीत, कमरेइतका उंच ग्रॅनाइटचा धोंडा. त्याच्यावर आडवी एक भेग आणि भेगेखाली वेडेवाकडे ओरखडे. तू प्रत्येक पाहुण्याला तिथे थांबवायचास आणि म्हणायचास, "परवाच दिसलं मला हे. वर रेघ, खाली अक्षरं लोंबल्यासारखी. मोडी असेल का हो? मला वाचता येत नाही. तुम्ही बघा जरा." अकरा वर्षं तुझं ते 'परवाच' चाललं होतं! आणि लोक बघायचे. वाईच्या एका गृहस्थांनी 'गणेश' वाचलं. अकोल्याच्या एका मावशींनी तर चक्क स्वतःचं माहेरचं आडनाव वाचलं आणि तिथेच नमस्कार केला. मी ऑडिटमधली बाई. माझा पगारच मुळी 'याला पुरावा काय' असं विचारण्याचा. मी एकदा येऊन तो दगड बघितला आणि तुला स्वच्छ सांगितलं की हे खाणीतल्या छिन्नीचे घाव आहेत. तू म्हणालास, "असतील." आणि पुढच्या शनिवारी पुन्हा परवाच दिसलं.

मग बाबा आले. आई गेल्यानंतर साताऱ्याहून पहिल्यांदाच एकटे. चार दिवस मी त्यांना सगळं दाखवलं. कार्ड इथे टेकवा बाबा, एस्कलेटरवर डावीकडे उभे राहा, फोनचा स्पीकर बंद करा, लिफ्टमध्ये हळू बोला, तिथे नको इथे उभे राहा म्हणजे मागचं सगळं फोटोत येईल. ते सांगेन तिथे उभे राहत होते. पाचव्या दिवशी मी त्यांना तुझ्या ताब्यात दिलं.

संध्याकाळी परत आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत मातीने भरलेली आणि नखांत माती. तू आणि मीनल आमच्याकडेच जेवायला होतात. पहिला घास घेण्याआधी बाबा म्हणाले, "शुभदा, आज त्या दगडापाशी काय झालं माहितीये का..."

आणि मी म्हटलं, "बाबा, ते मोडी-बिडी काही नाही हं. छिन्नीच्या खुणा आहेत. मी तिथल्या पार्कच्या माणसाला विचारलंय. हा सगळ्यांनाच असं सांगतो."

"असं का," बाबा म्हणाले. मग ताक मागितलं. त्यानंतर जायच्या दिवसापर्यंत ते बहुतेक वेळ खिडकीतून खालची बस बघत बसले. मला वाटलं, भाबडी समजूत मोडली म्हणून वाईट वाटलं असेल. होतं असं, खरं कळलं की थोडं वाईट वाटतंच.

त्या रात्री समोर तुमच्या दारात शिरता शिरता तू म्हणालास, "तू बरोबर आहेस, शुभदा. दर वेळी बरोबरच असतेस." दार बंद झालं. त्यानंतर एक महिना तू माझ्याशी बोलला नाहीस. समोरासमोर राहणारी माणसं आपण, त्या कॉरिडॉरमध्ये एकमेकांना टाळायचं म्हणजे नाकी नऊ यायचे. शेवटी तोआ पायोहच्या स्टेशनवर मी तुला गाठलं.

"लोकांना खोटं कशाला सांगतोस?"

"मी कुठे काय सांगतो? मी विचारतो फक्त."

"सोंग आहे ते."

"बरं," तू म्हणालास आणि गाडी आली.

बोलणं सुरू झालं, डबे पुन्हा इकडून तिकडे जायला लागले, पण तो वाद तिथेच अडकून राहिला. सात वर्षं. दर दोन-चार महिन्यांनी मी उकरून काढायची, तू तेच उत्तर द्यायचास. "मी विचारतो फक्त." मला वाटायचं, एक दिवस तुला कागदावर मुद्दे लिहून गप्प करीन. मंगळवारी सकाळी लॅबला जायला बूट घालता घालता तू खुर्चीतच राहिलास. एका पायात बूट, एक हातात. गप्प झालास, पण माझ्या मुद्द्यांनी नाही.

तू गेल्याच्या चौथ्या दिवशी मी बाबांना फोन केला. ऐंशी वर्षांचे आहेत, एकदम सांगायची भीती वाटत होती. त्यांनी आधी मीनलची चौकशी केली. मग म्हणाले, "सुधीरराव माझे विद्यार्थी होते."

"विद्यार्थी?"

"मोडीचे. सात वर्षं. दर रविवारी मी कित्ता लिहून त्याचा फोटो पाठवायचो, ते गिरवून परत पाठवायचे. आता चांगलं वळण आलं होतं हाताला."

मी म्हटलं, "बाबा, पण तुम्हाला मोडी कुठे येते?"

"भूमी अभिलेखात अडतीस वर्षं मी काय करत होतो असं वाटतं तुला?" बाबा म्हणाले. रागावून नाही. पोरीला हे माहीत नाही, याचं फक्त आश्चर्य होतं आवाजात. "त्या दगडावर काही लिहिलेलं नाही, हे मी लांबूनच ओळखलं होतं. त्यांना तसं सांगितलंही. म्हटलं, सुधीरराव, छिन्नी आहे ही. तर म्हणाले, माहीत आहे काका, पण मग खरी मोडी कशी असते ते दाखवाल का? काटकी आणून दिली हातात. दोन तास मातीत लिहीत बसलो होतो आम्ही. आधी वरची रेघ पूर्ण ओढायची, मग हात न उचलता लिहीत जायचं. स्वतःचं नाव लिहायला शिकले. तुझ्या आईचंही लिहिलं त्यांनी."

"मग त्या दिवशी जेवताना सांगितलं का नाहीत मला?"

"सांगत होतो की," बाबा म्हणाले. "तू मध्ये बोललीस."

सुधीर, मला त्या क्षणी तुझा गळा धरावासा वाटला. सात वर्षं! समोरच्या दारात राहून, माझ्या हातचं थालीपीठ खाऊन, माझ्याच बाबांकडून शिकत होतास आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. बाबांना विचारलं, मला का नाही सांगितलंत. म्हणाले, "मीच नको म्हटलं. तू चुका काढल्या असत्यास." फोन ठेवला आणि मी ओट्यापाशी उभी राहून रडले. तू गेल्यापासूनचं पहिलं रडणं ते, आणि त्यातलं निम्मं माझ्या स्वतःसाठी होतं. त्या चार दिवसांत मी बाबांना 'झोप लागली का' आणि 'अजून वाढू का' याखेरीज एक प्रश्न विचारला नव्हता. शहर दाखवत होते ना मी! आणि जो एकच दिवस त्यांना कुणी काही विचारलं, शिकवा म्हटलं, त्याची गोष्ट त्यांच्या तोंडातून मी काढून घेतली, तीही अचूक माहितीच्या जोरावर.

हे तू मला सरळ सांगायचंस. त्या रात्री दार उघडं धरून ठेवायचंस आणि सांगायचंस, की बाई, तुझा बाप काहीतरी बोलत होता. मी ऐकलं असतं. निदान भांडून झाल्यावर ऐकलं असतं. तू मात्र 'तू बरोबर आहेस' म्हणून मोकळा झालास.

आणि आणखी एक. सात वर्षं मोडी शिकलास, तरी त्या दगडापाशी 'मला वाचता येत नाही' हे पालुपद चालूच ठेवलंस. म्हणजे शेवटी खोटं बोललासच! सापडलास की नाही? या एका मुद्द्यावर मी जिंकले, आणि ते ऐकायला तू जागेवर नाहीस. याचा मला किती राग आलाय ते तुला कसं सांगू. ग्रुपवर सगळे लिहितात की तू देवमाणूस होतास. मी काही लिहिलं नाही. कच्चे बटाटे मी बघितले आहेत. पण समोरचं दार सकाळी सव्वासातला उघडत नाही, तेव्हा माझा चहा गार होईपर्यंत मी त्या दाराकडे बघत बसते, हेही खरं आहे.

तर शनिवार. सांगलीच्या काका-काकूंना मी खाली जाऊन सांगितलं की सुधीर नाही राहिले. काकूंनी तुला कधी बघितलं नव्हतं, तरी डोळ्यांना पदर लावला. "मग आम्ही परत जातो ओ," म्हणाल्या. पण जाणार कसं? रस्ता माहीत नाही, मुलगी फोन उचलत नाही. काका तर काहीच बोलत नव्हते. काकू हळूच म्हणाल्या, "दोन दिवस झाले, असेच गप्प आहेत. घरात कुठलं बटण दाबलं की पोरगी ओरडते, हे नको ते नको. साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते हे, गाड्यांच्या रांगा थांबायच्या ह्यांच्यासमोर." मी वर फोन करून ईराला सांगितलं की मला उशीर होईल, तुझा क्लास तू बघ. ती तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "जस्ट गो लाह, आई. यू ऑल्सो वॉन्ट टू गो." मला अजिबात जायचं नव्हतं.

सगळं चुकलं. चांगीच्या जेट्टीवर आम्ही तिघं आणि आणखी चार, असे सातच जण. बोटवाल्याने बोटं दाखवली, "ट्वेल्व्ह पीपल, आंटी. वेट लाह." पाऊण तास बसून राहिलो. तू हे कसं जमवायचास? लोकांना पेरू-बिरू देऊन गप्पा मारायचास म्हणे, मी काहीच आणलं नव्हतं. बेटावर उतरल्यावर मी पहिल्याच वळणावर रस्ता चुकले. काकूंची चप्पल तुटली, ती मी माझ्या केसांच्या रबराने बांधली. एक रानडुक्कर पिल्लांसकट रस्ता ओलांडून गेलं आणि माझ्या तोंडातून तुझ्या नावाने एक शिवी गेली. काकूंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

दगड होता तिथेच. मी थांबणार नव्हते, पण काकू थांबल्या. "हे काय ओ? लिहिलंय वाटतं काहीतरी."

माझ्या घशात सगळं तयार होतं. ग्रॅनाइट, खाण, छिन्नी, पार्कचा माणूस. सतरा वर्षं मी तयारीतच असते. काका धोंड्याकडे बघत होते आणि त्यांचे हात पाठीमागे बांधलेले होते, कशाला हात लावू नका म्हणून सांगितल्यावर बांधतात तसे.

मी म्हटलं, "कुणास ठाऊक. मला वाचता येत नाही. काका, तुम्ही बघा जरा."

माझ्या बाबतीत ते खरं आहे, हे लक्षात ठेव. मला खरंच वाचता येत नाही.

काकांनी खिशातून चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. "गुडघा दुखेल हो," काकू म्हणाल्या, तरी ते खाली बसले. भेगेवरून बोट फिरवत गेले, डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. दोन मिनिटं झाली असतील. मग मला म्हणाले, "हा 'ग' दिसतोय. तुम्हाला काय वाटतं?"

"असेल, काका," मी म्हटलं. "पुढचं बघा."

त्यांनी मान वर केली. गाड्यांच्या रांगा थांबवणारा आवाज होता तो.

"मग जरा बाजूला उभ्या राहा बघू, ताई. तुमची सावली पडतेय त्याच्यावर."

मी सरकले.